चाळीस जणांचे सव्वीस गुण

रंजनाने सातपुड्यात, मोलगीच्या डोंगरात जाऊ नये, असे घरात कोणीच म्हटले नाही. एकटीने जाऊ नये, एवढेच तिच्या वडिलांचे, चुनीलाल पाटलांचे म्हणणे होते. सोबत जायचे ठरल्यावर ते गप्प बसतील अशी आशा मात्र कोणी धरली नव्हती. १९६३च्या मार्चमधल्या त्या सकाळी अक्कलकुव्याहून जीप सुटेपर्यंत अर्ध्या बाजाराला सगळे कळले होते.

"मन्ही पोर पुनाले एम्मे करी ऱ्हायनी! मानसशास्त्र! आमना गुजरसमा पहिली!"

"आबा, हळू बोला ना," रंजना पदराआडून म्हणाली.

"हळू कसाले? चोरी करेल शे का?"

रंजनाच्या कॉलेजात लोकांची बुद्धी मोजायला तीस प्रश्नांची एक चाचणी वापरत. चित्रे, लाकडी तुकडे आणि तोंडी प्रश्न. ती बनवणारे प्राध्यापक निमोणकर हेच रंजनाचे मार्गदर्शक. सातपुड्यातले दहा मजूर या चाचणीत 'मंदबुद्धी' निघाले, याचे सरांना काही नवल वाटले नव्हते. रंजनाला वाटले होते. लहानपणापासून आबांच्या केळीच्या बागेत राबताना तिने ही माणसे पाहिली होती आणि मंद म्हणावे असे त्यांच्यात कोणी तिला भेटले नव्हते. शहराची फूटपट्टी डोंगराला लागते का, हाच तिने विषय घेतला. चाळीस जणांचे कागद महिनाअखेर सरांच्या सहीसकट विद्यापीठात गेले नाहीत, तर तिची परीक्षा बुडणार होती.

मोलगीच्या वरच्या एका पाड्यावर दोघे पोचले, तेव्हा दिवाल्या कारभारी मोहाची फुले वाळत घालत होता. चौथी शिकलेला इंद्रसिंग दुभाषी झाला आणि रंजनाने चाचणीचे काम समजावून सांगितले.

"किती लोके?" त्याने दिवाल्याच्या वतीने विचारले.

"चाळीस. चार दिवसात काम सराले जोयजे," रंजना म्हणाली.

"आनि हाई काम तू एकलीच करशी?"

"एकलीच."

दिवाल्याने हातातली फुले खाली टाकली. भिलीत तो बराच वेळ काही बोलत राहिला आणि बायका रंजनाकडे फारच कळवळून पाहू लागल्या.

"कारभारी म्हनस," इंद्रसिंग म्हणाला, "पाहुनी पोर एकली राबी आनि आम्ही देखत बठसूत? उद्या लाह करसूत."

लाह म्हणजे एकाचे काम साऱ्या पाड्याने करायचे. मजुरी नाही, ज्याचे काम, त्याने जेवण द्यायचे. निंदणीला सगळे एका ओळीत बसतात. पुढे कोणी पळत नाही आणि जो मागे पडतो त्याची ओळ शेजारचा काढून देतो. रंजनाला यातले एवढेच कळले, की लोक मदतीला येणार आहेत. ती हरखून गेली.

दुसऱ्या दिवशी मोह वेचून झाल्यावर अख्खा पाडा आला. चुनीलालांनी डाळ शिजत घातली. रंजनाने नियमाप्रमाणे एकेकाला झोपडीमागे बोलावले. पहिली आली कालीबाई. तिला सतरा गुण पडले. बाहेर आल्यावर ती काडीने जमिनीवर काहीतरी काढत बसली आणि भोवती घोळका जमला. रंजनाला वाटले, मोहाचा हिशेब चालला असेल.

दुसऱ्याला एकोणीस पडले, पाचव्याला तेवीस आणि दहाव्यापासून पुढे सगळ्यांना सव्वीस. रंजना आनंदाने लिहीत गेली. चौथ्या दिवशी कालीबाई परत आली आणि तिच्यामागे पहिल्या नऊ जणांतले बाकीचे आठ.

"ह्या मांगे ऱ्हायनात," इंद्रसिंगने खुलासा केला. "लाह अशी अर्धी नही सरत."

एकदा फेरपरीक्षा घ्यायला चाचणीच्या पुस्तकात परवानगी होती. तिने घेतली. कालीबाई सव्वीस. सगळे सव्वीस. राहिलेले चार प्रश्न मात्र चाळीसही जणांनी एकाच पद्धतीने चुकवले होते. एका शिंगाच्या बैलाचे चित्र दाखवून 'काय कमी आहे?' असे विचारले, की उत्तर यायचे, "दावं. हा बैल दुसराना वावरमा जाई." पाच जण आणि चार भाकरी असतील, एकाला एक भाकरी दिली, तर उपाशी किती? पुस्तकात उत्तर होते 'एक'. पाड्याचे उत्तर होते, "कोनीच नही."

पुण्याला निमोणकर सरांनी गठ्ठा चाळला, चष्मा पुसला आणि पुन्हा चाळला.

"रंजना, चाळीस माणसं आणि गुण एकच? जुळ्या भावंडांतसुद्धा फरक पडतो. हे कागद तू घरी बसून भरलेस."

"नाही, सर."

"मग वर्गात मला खोटं ठरवायला भरलेस. मी सही करणार नाही."

बाहेर व्हरांड्यात बसलेल्या चुनीलालांनी हे ऐकले. ते आत आले, केळ्यांचा घड सरांच्या टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीत मांडी घातली.

"मन्ही पोर खोटी नही. तुम्ही देखाले चला. तुम्ही निंघत नही तवपावत मी आठेच बठस."

सरांनी तास घेतला, डबा खाल्ला, परत आले. चुनीलाल तिथेच. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशी सर निघाले. त्यांनी नवा लाकडी खेळ आणि सेकंद मोजायचे घड्याळ बरोबर घेतले. हा खेळ पाड्याने पाहिलेला नव्हता, त्यामुळे आता दूध का दूध, पाणी का पाणी होणार याची त्यांना खात्री होती.

जीपने हाडे खिळखिळी झालेले सर पाड्यावर उतरले. सगळे जमले. तेव्हा कालीबाई काडीने जमिनीवर पुढच्यांना उत्तरेच काढून दाखवत होती, हे रंजनाला एव्हाना कळले होते. आज तसे कोणी कोणाला शिकवून ठेवले नव्हते आणि परीक्षा तर रंजनाचीच होती.

"या सात तुकड्यांचं एका मिनिटात कासव करायचं," सर म्हणाले. "आधी मी दाखवतो. पाहा."

चाळीस माणसे श्वास रोखून पाहू लागली. सरांनी कासवाचे डोके शेपटीच्या जागी लावले. काढले. पाय उलटा बसवला. मिनिट संपले. एवढी माणसे इतक्या प्रेमाने आपल्याकडे पाहताहेत, अशी वेळ सरांवर आयुष्यात आली नव्हती. त्यांना घाम फुटला. कालीबाई हळूच पुढे सरकली आणि तिने एका बोटाने डोके जागेवर ढकलले. दुसरीकडून दिवाल्याने पाय फिरवला. कासव झाले.

"झालं," सर घाईघाईने म्हणाले. पाड्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

मग चाळीसही जणांनी कासव केले. जो अडकला, त्याच्याकडे शेजाऱ्याचे बोट न बोलता गेले. "एकट्याने! एकट्याने करा!" असे सर दोनदा ओरडले. इंद्रसिंगने तेही भाषांतर करून सांगितले, तेव्हा लोकांना सरांची दया आली. बिचाऱ्याला गावात कोणी नसावे. सरांनी घड्याळ खिशात टाकले आणि ते रंजनाकडे पाहत राहिले. कागद घरी भरलेले नव्हते, हे त्यांना कळून चुकले होते.

जेवायला चटईवर पाच जण बसले: सर, रंजना, चुनीलाल, दिवाल्या आणि इंद्रसिंग. पाहुणे अचानक आल्यामुळे कालीबाईने चारच भाकरी आणल्या. दिवाल्याने त्या मोडून वाटल्या. जेवण झाल्यावर इंद्रसिंगने यादी आणून सरांपुढे धरली. चाळीस नावांखाली त्याने आपल्या हाताने एक ओळ वाढवली होती: '४१. सायेब, पुना. २६.'

"मी कुठे चाचणी दिली?" सर म्हणाले.

"लाहमा बठना तो वळीमा उना. तुमले एकलाले मांगे कसं सोडसूत?"

"असं? मग पाच जण आणि चार भाकरी, याला माझं उत्तर काय लिहिलंस?"

"कोनीच उपाशी नही."

"माझ्या पुस्तकात 'एक' आहे."

"मंग आते कोन उपाशी शे, दखाडा," इंद्रसिंग म्हणाला.

सरांनी चटईवरच्या पाचही जणांकडे पाहिले. शेवटी स्वतःच्या रिकाम्या द्रोणाकडे पाहिले. मग त्यांनी पेन काढले आणि यादीखाली सही केली.

"रंजना, चाळीस जणांच्या गुणांत फरक शून्य असं प्रबंधात लिही. आणि शून्य का, तेही लिही. माझी चाचणी काय मोजत नाही, ते त्यात यायला हवं. पानं किती लागतील याची काळजी करू नकोस."

या पाड्याचा रंजनाला इतका अभिमान वाटला, की डोळे भरून आले. ती कालीबाईचा हात धरून नुसती उभी राहिली.

उतरताना सर जीपमध्ये पुढे बसले होते. अक्कलकुव्याच्या बाजारात गाडी थांबताच चुनीलाल खाली उतरले.

"ऐका रे!" ते ओरडले. "मन्ही पोरनी पुनाना मास्तरले पास करी दिधं!"

रंजनाने पदर तोंडाला लावला आणि सरांकडे पाहिले. सर खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाले, "सव्वीस गुणांनी."