आठ दिवस मागचं दुकान

आमच्या गावात दोन मंगळवार असायचे. एक सगळ्या जगाचा आणि एक डोमाजी मामाजींच्या दुकानातला. मामाजींचा मंगळवार बरोबर आठ दिवस शिळा असायचा.

त्याचं असं होतं. गाव वांकिडीपासून दोन कोसांवर, जंगलाच्या कडेला. मराठी पेपर यायचा चांद्याकडून, बाजाराच्या बैलगाड्यांबरोबर, आठवड्यातून एकदा, सुतळीनं बांधलेला सात दिवसांचा गठ्ठा. दुसऱ्या कुणीही गठ्ठा सोडून ताजा पेपर आधी उघडला असता. मामाजी सगळ्यात जुना काढायचे. मागच्या सोमवारचा पेपर या सोमवारी, मागच्या मंगळवारचा या मंगळवारी. पुढच्या पेपराला ते स्वतः हात लावत नसत आणि दुसऱ्या कुणाला लावू देत नसत.

"आजच उद्याचा वाचला, तं उद्या काऊन उठाचं?" असं विचारायचे.

मी लग्न होऊन त्या गावात आले तेव्हा चौथी पास होते, पण पेपर नावाची वस्तू पहिल्यांदा पाहिली ती त्यांच्या हातात. मामाजी म्हणजे काही माझ्या नात्यातले नव्हेत. सासऱ्याच्या वयाच्या कुणालाही आम्ही सुना मामाजीच म्हणायचो. किराणा दुकान, मागे एक खाट, एक चूल. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. संध्याकाळी दिवेलागणीआधी ते हात धुवायचे, टोपी घालायचे, दोऱ्यानं बांधलेला चष्मा कानाला अडकवायचे आणि मिठाच्या पोत्याशेजारी उभे राहून वाचायचे. बसून पेपर वाचताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मला तर त्या वेळी देवळात आल्यासारखं वाटायचं.

वाचणारे ते एकटे. ऐकायला सगळं गाव. आणि कुणाला काय हवं ते त्यांना तोंडपाठ. न्हाव्याला कोर्टातले खटले लागायचे. म्हातारे पटवारी कुणाची बदली कुठं झाली तेवढं ऐकून घरी जायचे. आम्हा बायकांना विहिरीत पडलेली माणसं, जुळी वासरं, लग्नातून पळालेले नवरदेव. दिल्ली, लढाया, मंत्री असलं पहिलं पान मामाजी न वाचताच दुमडून ठेवायचे.

"दिल्लीले आपल्या गावाची खबर नाही, तं आपण तिची काऊन ठेवाची?"

त्यांचा दुसरा हट्ट याहून भारी. छापून आल्याशिवाय ते काहीच खरं मानत नसत. एकदा गावाच्या शिवेवर बिबट्या आला. दोन शेळ्या गेल्या, गावानं दारं लावून घेतली, आणि मामाजी दुकान सताड उघडं ठेवून बाहेर खाटेवर बसले. लोक आतून ओरडले, "मामाजी, आत व्हा, वाघ आला!" मामाजींनी शांतपणे विचारलं, "छापून आलं काय?" बिबट्या कंटाळून निघून गेला. पुढच्या आठवड्यात पेपरात चार ओळी आल्या, 'वांकिडी भागात बिबट्याचा वावर'. मामाजींनी त्या वाचल्या, घाम पुसला, आणि दिवसभर दुकान बंद ठेवून आतून कडी लावून बसले.

हैदराबाद राज्य मोडलं तेव्हाही तेच. भाषेवरून नवी राज्यं झाली. आमचा भाग आंध्रात राहिला, शेजारचा राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला. मास्तरांनी शाळेत सांगितलं, पटवाऱ्यांनी चावडीवर सांगितलं. मामाजी म्हणाले, "येऊ द्या छापून." सगळीकडचं हैदराबाद राज्य संपलं, पण मामाजींच्या दुकानात ते आणखी आठ दिवस चाललं. मग त्या दिवसाचा पेपर निघाला. तो वाचून झाल्यावर त्यांनी टोपी काढली आणि नुसतेच उभे राहिले.

राजुरा तालुक्यातलं सोनापूर हे माझं माहेर. तिथं माझा बा एकटा राहायचा. आई लहानपणीच गेलेली. बाला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि खोकला जुना होता.

त्याच दिवसांत एकदा मी दुकानाशेजारच्या विहिरीवर पाणी भरत होते. चावडीवर तहसिलीचा हुकूम आला होता, उर्दूत. निजामाच्या शाळेत शिकलेले म्हणून तो वाचायला मामाजींनाच बोलावलं होतं. ते खड्या आवाजात एकेक गाव वाचत होते. माझ्या कानावर एवढंच पडलं, "मौजा सोनापूर... इंतकाल."

मी घागर सोडली आणि रस्त्यातच बसून हंबरडा फोडला. इंतकाल म्हणजे मरण, एवढं उर्दू आमच्याकडे पोराटोरांनाही येत होतं. बा गेला! बायका धावल्या. सासूबाईंनी मला कवटाळलं आणि काही न विचारता माझ्याहून मोठ्यानं रडायला लागल्या. घटकाभरात अर्धं गाव जमलं. कुणी तरी चूल विझवायला सांगितली.

मामाजी हुकूम हातात धरून पळत आले. चष्मा एका कानावर लोंबत होता.

"अवो, तो इंतकाल नाही! कचेरीचा इंतकाल! इकडचं नाव काढून तिकडं चढवलं, एवढंच! तुहा बा जित्ता हाय, माय!"

कचेरीच्या उर्दूत इंतकाल म्हणजे जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर चढवणं. माझं अख्खं माहेर तसं दुसऱ्या राज्याच्या नावावर चढलं होतं. लोक हसत हसत घरी गेले. मला मात्र रडू आवरेना. सासूबाई म्हणाल्या, "आता तिकडं दुसरं राज्य. नाका बसला म्हणतात. कागद मागतात. गेली तं वापस येऊ देतीन काय तुले?" त्यातच मला दिवस गेले होते. माहेरी जायचं नावच काढायला नको झालं. बाचं काय चाललंय, हे कळायची वाट बंद झाली. तो आहे की नाही, एवढंच मला रोज हवं होतं.

मामाजींनी हे सगळं पाहिलं. त्यांच्या तोंडच्या एका शब्दानं मी रडले, हे त्यांना फार लागलं असावं.

पुढच्या बाजारानंतर मी मीठ आणायला गेले, तेव्हा त्यांनी पेपर उचलला आणि खाकरून वाचलं, "सोनापूर, आमच्या बातमीदाराकडून. येथे ज्वारी बरी आहे. श्री. गणपतराव यांचा खोकला कमी असून ते काल आठवडी बाजारास चालत गेले."

गणपतराव म्हणजे माझा बा! बाच्या नावाला कुणी राव लावल्याचं मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी पदर तोंडावर धरला. "मामाजी, छापून आलं?"

"मंग? मी का मनचं सांगून राह्यलो?"

त्यानंतर दर आठवड्याला सोनापूरची बातमी यायची. बाची गाय व्याली. बानं छप्पर शाकारलं. कधी दोनच शब्द, 'प्रकृती ठणठणीत'. मला त्या पेपराचं फार नवल वाटायचं. एवढं मोठं जग, त्यात आमचं वीस घरांचं सोनापूर, आणि त्यातही बाचा खोकला छापणारा तो बातमीदार किती मोठ्या मनाचा असेल! पेपरात डोकावून बघायची माझी छाती नव्हती. सुनेनं तसं करणं शोभलं नसतं. एकदा ते पान जपून ठेवायला मागितलं, तर मामाजी गडबडून म्हणाले, "ते तं मिरच्याच्या पुडीले गेलं."

मला मुलगी झाली. ती आठ महिन्यांची असताना, बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी मामाजी आमच्या दारात आले. दुकान सोडून ते कुणाच्या दारात जात नसत. टोपी हातात होती.

"मी पुढचा पेपर पाह्यला," ते म्हणाले.

सासूबाईंच्या हातातलं सूप थांबलं. मामाजींनी पुढचा पेपर पाहिला?

"सोनापूरची खबर हाय. तुह्या बाचं बरं नाही. गाडी जुंपली मी. चाल, पोरी."

मला ते नेहमी माय म्हणायचे. त्या दिवशी पोरी म्हणाले.

सासूबाई नाक्याला घाबरायच्या, पण त्याच आधी गाडीत चढल्या, नातीला मांडीवर घेऊन. वाटेत एक कोरडा नाला लागला. पलीकडं गेल्यावर मामाजी म्हणाले, "हे दुसरं राज्य." सासूबाईंनी चारही दिशांना पाहिलं. कापूस तोच, बोरी त्याच. "एवढ्यासाठी पोरीले दीड साल डांबून ठेवलं मी!" असं म्हणून त्यांनी स्वतःच्याच तोंडात मारून घेतली.

बा खाटेवर होता, अगदी वाळलेला. मला ओळखलं, नातीच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाला, "मले माईत हाय हे. छापून आलं होतं."

मला कळेना. त्यानं उशाखाली हात घालून कागदांची चवड काढली, पेपराचे कापलेले तुकडे. "गाडीवाला लक्ष्मण आणते दर बाजाराले. डोमाजी शेट धाडतेत म्हणे. लक्ष्मण वाचून दावते, मंग माही खबर इचारून जाते. हे पाह्य, तुले पोरगी झाली तवाचं. तुहा फोटूबी हाय."

लक्ष्मणला अक्षरओळख नव्हती, हे मला ठाऊक होतं. मामाजींनी पढवलेलं तो बोलून दाखवत असणार. मी तुकडा हातात घेतला. केसांच्या तेलाची जाहिरात होती. लांब वेणीची एक बाई हसत होती.

सोनापूर कधीच छापून आलं नव्हतं, आणि आमचं गावही. छापल्याशिवाय बिबट्याही न मानणारा माणूस दीड वर्षं आम्हा बाप-लेकीला न छापलेलं वाचून दाखवत होता. मी दाराबाहेर पाहिलं. मामाजी बैलांपाशी पाठ करून उभे होते.

"वाच नं," बा म्हणाला. "तू तं शिकलेली."

मी उठून उभी राहिले. मामाजींसारखी खाकरले. "वांकिडी, आमच्या बातमीदाराकडून," मी वाचलं. "श्री. गणपतराव यांच्या कन्येस मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. मुलगी आजोबांवर गेली आहे."

बाचा चेहरा उजळला. त्यानं दुसरा तुकडा पुढं केला. उशाखाली अजून पुष्कळ होते. मी तो त्याच्या हातातून घेतला, घडी केली आणि परत उशाखाली सारला.

"आज नाही, बा," मी म्हटलं. "उद्याचा उद्या."