दाजींची दलाली

आमच्या फुटबॉल क्लबाकडे नवा खेळाडू आला की दाजी आधी त्याला तोंड उघडायला लावत. बोलण्यासाठी नव्हे, दात बघण्यासाठी. मग त्याच्याभोवती एक सावकाश फेरी, मागून पोटरीवर एक थाप आणि "चार पावलं चालून दाव" अशी आज्ञा. पुण्याहून सांगलीला इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या एका मिडफिल्डरने हे सगळं निमूटपणे करून घेतलं. त्याला वाटलं, हे क्लबचे डॉक्टर असावेत. दाजींनी शेवटी त्याचं डोकं वाकवून केसांतला भोवरा पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "खजिनदार, जनावर गरीब हाय. पर चिखलात चालायचं न्हाई."

पुढे तो पोरगा चिखलातच सगळ्यात चांगला खेळला. मी हे दाजींच्या लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "भवरा फसवा निघाला." चूक भोवऱ्याची होती, त्यांची नव्हती.

युरोपात खेळाडू एका क्लबातून दुसऱ्या क्लबात गेला की मधल्या माणसाला कोटींनी पैसे मिळतात, असं पेपरात येतं. आमच्या सांगलीत मधला माणूस म्हणजे दाजी. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल, आणि जन्मात एकदाही बॉलला पाय लावलेला नाही. ते नक्की कुणाचे दाजी होते हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मी पतसंस्थेत नोकरी करतो आणि बाकी कुणाला बेरीज येत नाही म्हणून क्लबचा खजिनदार झालो. त्यामुळे दाजींची दलाली ठरवणं माझ्या गळ्यात पडलं. त्या वेळी मी फार कुरकुरलो. आता मैदानाला जाळीचं कुंपण आलंय, खेळाडू मोबाइलवरून ठरतात आणि दाजी केरळात मुलाकडे असतात. आता कुरकुरायलाही काही उरलं नाही, आणि त्याचंच वाईट वाटतं.

दाजी मूळचे विट्याजवळच्या एका गावचे, बैलबाजारातले दलाल. खिलार बैलाच्या नुसत्या चालीवरून त्याचा भाव सांगत. मग ट्रॅक्टर आले, बाजार ओसरले आणि त्यातच दाजींची बायको गेली. त्या भागातल्या पुष्कळ पोरांसारखा त्यांचा मुलगाही सोनं गाळायच्या दुकानात लागला होता. पुढे त्याने केरळात स्वतःचं दुकान काढलं. तो बापाला तिकडे घेऊन गेला. दाजींना तिथली भाषा येईना, भात जाईना. संध्याकाळी सगळं गाव फुटबॉल बघायला जातं म्हणून तेही जाऊन बसू लागले. खेळ त्यांना कळला नाही. पण मैदानाबाहेर चार माणसं खेळाडूंचे भाव करताना दिसली आणि दाजींचे डोळे उघडले. "म्या म्हटलं, आरं, ह्यो तर बाजारच हाय!" हे सांगताना ते मांडीवर थाप मारत. दोन महिन्यांत ते परत आले, सांगलीत मार्केट यार्डामागे दोन खोल्या घेतल्या आणि धंदा सुरू केला.

दाजींचा सौदा तोंडाने होत नसे. खांद्यावरचा टॉवेल काढायचा, समोरच्याचा हात त्याखाली ओढायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा, ही बैलबाजाराची रीत. बघणाऱ्याला काही कळता कामा नये. टॉवेलाखाली हात असताना बोललं की सौदा नासला. आमचे अध्यक्ष आप्पासाहेब सिमेंटचे व्यापारी, त्यांना हे मुळीच पसंत नव्हतं. "दाजी, आकडा कागदावर लिहा की," ते म्हणत.

"कागद कुनीबी वाचतंय, आप्पा," दाजी म्हणत. "हातातलं हातातच ऱ्हातंय."

पहिल्याच सौद्यात घोटाळा झाला. एका विंगरची बोलणी चालली होती. दाजींनी टॉवेलाखाली माझी दोन बोटं धरून पेरांवर दाबली. मला लहानपणापासून गुदगुल्या फार होतात. मी फिस्सकन हसलो. दाजींनी झटक्यात टॉवेल ओढला आणि सगळ्या मंडळींना ओरडून सांगितलं, "खजिनदार हासलं! ठरला सौदा!" बाजारात हसणं म्हणजे कबुली, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. तो विंगर आम्हाला भलताच महाग पडला. वर्षभर त्याचा पास चुकला की आप्पासाहेब त्याच्याकडे न बघता माझ्याकडे बघत. तेव्हापासून मी सौद्याला ओठ दाताखाली धरून बसू लागलो.

एका बोटासाठी दाजी अर्धा-अर्धा तास झुंजत. टॉवेल फेकून उठत, चपला घालत, दारापर्यंत जाऊन परत येत. पण घ्यायचं ते क्लबाकडून. खेळाडूकडून त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मी एकदा विचारलं, "दाजी, मोठे एजंट दोन्हीकडून घेतात म्हणे."

"घेऊ द्यात की. दलाली इकणारा देतो, न्हाईतर घेणारा देतो. बैल कवा दलाली देतो व्हय?"

बिरू हा दाजींचा सगळ्यात मोठा शोध. पूर्वेकडच्या कोरड्या भागातला, मेंढपाळाच्या घरचा. खरसुंडीच्या बाजारात टेम्पोतून एक करडू उडी मारून सुटलं, ते त्याने आडवं झेपावून हवेतच धरलं आणि स्वतः खडीवर आपटला, पण करडाला खरचटू दिलं नाही. दाजींनी तिथल्या तिथे त्याचे दात बघितले आणि त्याला एसटीत घालून सांगलीला आणलं. बिरूने तोवर फुटबॉल टीव्हीवरसुद्धा पाहिला नव्हता. आम्ही त्याला गोलात उभा केला. पहिलाच जोरदार फटका त्याने छातीशी धरला आणि शांतपणे विचारलं, "आता ह्येला कुटं ठिवू?"

दलालाने माल स्वतःच्या दावणीला बांधू नये, असा दाजींचा आवडता उपदेश होता. जीव लागला की भाव कळत नाही म्हणे. पण क्लबाकडे बिरूला ठेवायला खोली नव्हती. "आठ-धा दिस ऱ्हाऊ द्या माझ्याकडं, मग बघू," दाजी म्हणाले. त्या आठ-दहा दिवसांची चार वर्षं झाली. दाजी भाकरी थापत आणि बिरू पाणी भरे. सकाळी उठल्यापासून दोघांचं भांडण चाले, कधी पंख्यावरून, कधी रेडिओवरून. "लय खातंय गाबडं, मला इकून खाईल," असं दाजी मैदानावर येऊन मला सांगत. सांगता सांगता पिशवीतून त्याच्यासाठी केळी काढत.

मग एक दिवस बंगळूरच्या मोठ्या क्लबचा माणूस आला. नीलेश नाव, मूळचा पुण्याचा, तिशीतला, बोलायला सज्जन. त्याने बिरूचे व्हिडिओ पाहिले होते. त्याने सांगितलेला पगार ऐकून आप्पासाहेब खुर्चीत सरळ बसले. आमच्या क्लबालाही पैसे मिळणार होते, मैदानाला दिवे लागले असते. फक्त बिरूचा एजंट म्हणून दाजींची संमती हवी होती आणि त्यांची फी ठरायला हवी होती. आता दाजी याला पिळून काढणार, अशी आमची खात्री होती. मला तर त्या नीलेशची दया आली.

दाजी आले. नीलेशला नमस्कार केला. आणि त्यांनी बिरूच्या खोडी सांगायला सुरुवात केली. "डावा खांदा उतरल्याला हाय बरं का. उन्हात डोळ्याला पानी येतं. थंडीत गुडघा धरतो. आनि भवरा तर इचारूच नगा."

बिरू मान खाली घालून उभा. नीलेशच्या चेहऱ्यावर काळजी दिसायला लागली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात लंगड्या बैलालाही "जरा दमानं चालतोय एवढंच" म्हटलं, तो आपल्याच मालाला नावं ठेवत होता. आप्पासाहेबांनी मला कोपऱ्यात ओढलं. "म्हातारा भाव वाढवतोय का सौदा मोडतोय? टॉवेलाखाली तुमचा-त्याचा हात बसलाय. बघा काय ते." नीलेशला संध्याकाळी मिरजेहून गाडी होती. इथे जमलं नाही तर तो कोल्हापुरात दुसरा गोलकीपर बघणार होता. बिरूला असा माणूस पुन्हा शोधत आला नसता.

दाजी काही न सांगता उठून घरी निघून गेले. त्यांच्या मागोमाग बिरू. नीलेशला गाडीत घालून मी त्यांच्या मागे. नीलेशला बाहेर थांबवून आत गेलो. बिरू मोरीत जर्सी धूत होता. दाजी चुलखंडाला टेकून बसले होते.

"दाजी, पोराचं नुकसान करताय तुम्ही."

"ठावं हाय मला."

"मग?"

दाजींनी मोरीकडे पाहिलं. मोरीतल्या धुण्याचा आवाज येत होता. "खजिनदार, पोरगं माझं केरळात. दिवाळीत सोन्याचं काम जोरात, तवा त्याला येता येत न्हाई. उनाळ्यात येतंय चार दिस. ह्यो गेला म्हंजी ह्या घरात आवाज कुनाचा? माझाच. आनि माझा मला लय ऐकून झालाय."

"मग सरळ नाही म्हणून सांगा नीलेशला," मी म्हणालो.

"कसं सांगू? बिरूची आय आजून मेंढरामागं हिंडती." त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. "बोलवा त्या पुन्याच्या गड्याला. दलाली ठरवू."

नीलेश आत येऊन सतरंजीवर बसला. परक्याच्या हाताला सौदा कळत नाही म्हणून दाजींनी माझाच हात घेतला, त्यावर टॉवेल टाकला. मी सवयीने ओठ दाताखाली धरले. दाजींनी एकेक बोट चाचपलं नाही, पेरं दाबली नाहीत. सगळी बोटं एकदम मुठीत धरली आणि धरूनच ठेवली. पाच, एवढं मला कळलं. पण पाच काय? हजार, लाख, टक्के? मी नीलेशला सांगू तरी काय? शेवटी मी नियम मोडला.

"पाच काय, दाजी?"

खरं तर सौदा नासला होता. पण दाजींनी टॉवेल ओढला नाही. तेही बोलले.

"दिस. दिवाळीचं पाच दिस. दर साली ह्येला हितं घरी धाडायचा. पैशाची दलाली मला नगो."

नीलेशने मोबाइलमध्ये तारखा पाहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काका, दिवाळीला आमचा सीझन ऐन भरात असतो. पाच दिवस मी कुठून आणू? फार तर एक. तोही त्या दिवशी मॅच नसेल तर."

मी वाट बघू लागलो. आता टॉवेल उडणार, चपला घातल्या जाणार, पाचाचे साडेचार, साडेचाराचे सव्वाचार होणार. मला ते सगळं हवं होतं. तसं झालं असतं तर नेहमीचे दाजी जागेवर आहेत असं वाटलं असतं.

"चालंल," दाजी म्हणाले.

आजवर त्यांनी पहिल्या आकड्याला कधीच होकार दिला नव्हता. त्यांची मूठ अजून माझ्या बोटांवर होती आणि ती सोडवून घ्यायचं माझ्या मनात आलं नाही.

नीलेश उठला, दाजींच्या पाया पडला आणि दाराकडे निघाला. दाजींनी हाक मारली. "आवं, थांबा वाईच. मगाशी क्लबात बोललो त्यातलं कायबी खरं न्हाई. खांदा चांगला हाय, डोळं चांगलं हायती. पर एक खोड खरी हाय, ती सांगून ठिवतो. खोड लपवून माल दिला तर पाप लागतंय."

"कुठली?" नीलेशने मोबाइल काढला.

"एकट्याला जेवान जात न्हाई त्याला. म्होरं कुनीतरी बसाय लागतं."

नीलेशने ते अगदी गंभीरपणे टिपून घेतलं. ओली जर्सी हातात घेऊन बिरू मोरीच्या उंबऱ्यावर उभा होता. मैदानावर सगळे निघून गेल्यावर गोलपोस्टला टेकून, एकटा, खुशाल चार-चार वडापाव खाताना मी त्याला कितीदा पाहिलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं.

"व्हय सायेब," तो नीलेशला म्हणाला. "न्हाई जात मला."