माता क्रमांक एक

आमच्या कार्यालयात मातृकक्ष सुरू झाला. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत माझी मुलगी उर्वी कार्यालयात रोज दुपारी पोटभर दूध पीत होती.

तेव्हाची व्यवस्था साधी होती. जेवणाच्या सुट्टीत सासूबाई उर्वीला घेऊन विष्णुपुरीहून ऑटोने नांदेडात येत. अभिलेख कक्षात जुन्या फायलींच्या कपाटांमागे एक मोडकी खुर्ची होती, तिच्यावर मी बसे. दारात आमच्या शिपाई सुमनबाई उभ्या राहत. कोणी फाईल मागायला आलं की म्हणत, "फाईल जेवून राहिली. मागून या." या व्यवस्थेला कोणाचीही मान्यता नव्हती, त्यामुळे ती उत्तम चालली होती.

मग वरून पत्र आलं. प्रत्येक कार्यालयात अत्याधुनिक मातृकक्ष हवा, आणि निधी मार्चअखेर खर्ची पडायला हवा. मार्चमध्ये आमच्याकडे कामं फार लवकर होतात. एसी आला, मऊ सोफा आला, भिंतीवर निळ्या डोळ्यांचं एक परदेशी बाळ चिकटवण्यात आलं. दाराला चेहरा ओळखणारं यंत्र बसलं, कारण मातांची सुरक्षितता ही सर्वोच्च प्राथमिकता होती.

फीत आमच्या साहेबांनी कापली. साहेबांचं नाव सिद्धराम धोंडप्पा. यंत्र बसवायला हैदराबादहून आलेल्या माणसाने प्रात्यक्षिकासाठी त्यांनाच दारापुढे उभं केलं. "सर, जरा इधर देखो. थोडा हसो." साहेब हसले. यंत्राने बाळाची जन्मतारीख विचारली. आता साहेबांचं बाळ कुठून आणायचं, म्हणून त्या माणसाने त्या दिवसाचीच तारीख टाकली. आतून गोड आवाज आला, "नोंदणी पूर्ण झाली. माता क्रमांक एक, आपले स्वागत आहे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उर्वी माझ्या कडेवर होती. तिनेही वाजवल्या, नुकतंच शिकली होती.

दुसऱ्या दिवशी रडणारं लेकरू घेऊन मी दारासमोर उभी राहिले. दार म्हणालं, "क्षमस्व. आपण माता नाहीत."

हैदराबादला फोन लावला.

"मॅडम, तुम्हारे पॅकेज में एकीच मदर है. वो भर गई."

"मग साहेबांना काढा ना त्यातून."

"नै होता मॅडम. बच्चा दो साल का होने तक मदर डिलीट नै होती. सेफ्टी है ना."

मी रीतसर अर्ज केला, की कार्यालयात आणखी एक माता मंजूर व्हावी. वरून उत्तर आलं: उपलब्ध मातेचा पुरेपूर वापर झाल्याशिवाय वाढीव मातेचा विचार करता येणार नाही.

तोवर कपाटांमागे बसू, असं मी ठरवलं. पण अधिकृत सोय असताना अन्यत्र स्तनपान करणं म्हणजे शासकीय मालमत्ता जाणूनबुजून न वापरणं, असा अर्थ आस्थापना शाखेने काढला. अभिलेख कक्षाला कुलूप लागलं आणि सुमनबाईंना नोटीस मिळाली.

"लेकराला दूध पाजलं म्हनून मला नोटीस देऊन राहिलेत, ताई," सुमनबाई म्हणाल्या. "मी कुठं पाजलं? मी तर दारात हुते."

साहेब माणूस वाईट नाहीत. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मुग्धा मॅडम, तुम्ही काळजी करू नका. मी येतो ना चेहरा दाखवायला." आणि खरंच येत. जेवण अर्धं टाकून, हात पुसत जिना उतरत, दारापुढे उभे राहत. दार त्यांचं स्वागत करी, मी आत जाई, ते पाठ करून परत जात. पण साहेबांना बैठका असत. कधी लोह्याला दौरा असे. उर्वीची भूक दौऱ्याचा कार्यक्रम बघून लागत नव्हती.

सासूबाई आधी फोन करू लागल्या. "साहेब हायेत का ग? असले तर निघते."

"नाहीत. पण आई, तिला बाटली देऊ नका. सवय लागेल."

"मग काय देऊ? तुझ्या हापिसातलं पत्र?"

दुपारी नेमक्या वेळी छाती भरून येई. बाहेर कोणाचंही लेकरू रडलं की ब्लाउज ओला होई, आणि मी एखादी फाईल छातीशी धरून बसे. लोकांना वाटे, बाई कामात बुडाली आहे. हळूहळू तेही थांबलं. शरीराला नियम समजला.

पुढे कक्षाचा वापर कमी असल्याबद्दल साहेबांकडे खुलासा मागण्यात आला. नोंदणीकृत माता फक्त दारापर्यंत येते आणि परत जाते, हे यंत्राने वर कळवलं होतं. साहेबांनी जबाबदारी ओळखली. ते रोज जेवणानंतर स्वतः कक्षात जाऊ लागले. एसी होता, सोफा मऊ होता. वापर शंभर टक्क्यांवर गेला.

एकदा मी उर्वीला घेऊन दार ठोठावलं. आतून घोरण्याचा आवाज येत होता.

"माता विश्रांती घेत आहेत," दार म्हणालं. "कृपया व्यत्यय आणू नये."

सुमनबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "ओली बाळंतीण हाय ताई. झोपू द्या."

मग आम्हाला विभागातलं सर्वोत्कृष्ट मातास्नेही कार्यालय म्हणून सन्मानचिन्ह मिळालं. फोटोसाठी एक बाळ लागत होतं. सासूबाईंना ऑटो पाठवून बोलावण्यात आलं.

सगळे कक्षात जमल्यावर मी साहेबांना म्हटलं, "सर, आधी जरा पाच मिनिटं द्याल? सगळ्यांनी बाहेर थांबावं."

सगळे बाहेर गेले. दार लागलं. खोली गार आणि शांत होती, खरंच सुंदर होती. मी पदर घेतला आणि उर्वीला जवळ धरलं.

तिने आधी भिंतीवरच्या बाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग चिमुकला तळहात माझ्या छातीवर टेकवला आणि हलकेच ढकललं. मी पुन्हा जवळ घेतलं. ती रागावली नाही, हसली. पण तोंड फिरवून सोफ्यावर ठेवलेल्या आजीच्या पिशवीकडे हात करू लागली. पिशवीतून बाटलीचं टोपण दिसत होतं.

मी ब्लाउजचे हूक लावले.

बाहेरून आवाज आला, "माता क्रमांक एक, आपले स्वागत आहे." दार उघडलं.

"झालं का मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"झालं, सर."

फोटो आमच्या कार्यालयाच्या फेसबुक पानावर आहे. साहेबांच्या हातात सन्मानचिन्ह आहे. सोफ्यावर मी आहे, आणि सगळे टाळ्या वाजवतात म्हणून मांडीवरची उर्वीही वाजवते आहे. बाटली सासूबाईंनी पदराआड धरली आहे, ती दिसत नाही. खाली तुम्ही 'स्तुत्य उपक्रम' असं लिहून हात जोडलेत, आणि लेकरू किती तृप्त दिसतंय, असंही लिहिलंत.

आभारी आहे. तुमची ती ओळ साहेबांनी छापून दारावर लावली आहे.