कोपरा पास

ओव्हाळभाऊंशी मी एकदा खोटं बोललो. वडगावच्या कोर्टात मी कारकून आहे. 'खरं सांगेन' अशी शपथ घेऊन माणसं काय काय सांगतात, ते रोज ऐकतो. त्यांच्या मानाने माझं खोटं अगदी हलकं होतं. "कॅमेरा सर्व्हिसला दिलाय, भाऊ." एवढंच. असलं खोटं आपण येता-जाता बोलतो आणि जेवायला बसतो. मीही बसलो. ते खोटं केवढं होतं हे सांगायचं, तर आधी भाऊ सांगायला हवेत.

भाऊंचं घर भाजे गावात, लोहगडाकडे जाणारा रस्ता जिथे चढाला लागतो तिथे. सुट्टीच्या दिवशी दारावरून मुंबई-पुण्याची मंडळी जातात. त्यांतल्या कुणाच्या गळ्यात कॅमेरा दिसला, की भाऊ ओट्यावरून उतरायचे, रस्त्यात आडवे उभे राहायचे आणि हात पुढे करायचे.

"दोन मिंटं थांबा. भिंग तपासायचंय."

कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि पावती फाडणाऱ्या माणसाचा आवाज. पोरं गडबडायची. कुणाला ते वनखात्याचे वाटायचे. कुणी मुकाट्याने आधार कार्ड काढायचं. एका जाडसर तरुणाने तर हळूच विचारलं होतं, "काका, दंड किती?"

"दंड न्हाई. आत या."

आत अंगण. अंगणात गिलावा न केलेली विटांची भिंत, समोर जमिनीवर चुन्याची फुली. फुलीवर उभं राहून सगळ्या भिंतीचा फोटो काढायचा. भिंतीच्या डाव्या टोकाला, पाण्याच्या पिंपाशेजारी, शालनमावशी उभ्या असायच्या. म्हणजे भाऊंची बायको. डोक्यावरून पदर घेतलेला, चेहऱ्यावर पांढऱ्या कोडाचे डाग, आणि हसू दाबून धरलेलं.

"मावशी, मध्ये या ना," पाहुणा म्हणायचा.

"त्या तितंच ऱ्हातील. तुमी बटन दाबा."

मग भाऊ कॅमेरा हातात घेऊन मागच्या पडद्यावर फोटो मोठा करत डाव्या कोपऱ्यात जायचे. चष्मा कपाळावर चढवून, पडद्याला जवळजवळ नाक लावून बराच वेळ बघायचे. आणि निकाल द्यायचे, "फेल."

पाहुण्याचा चेहरा पडायचा. लाखभर रुपयांचा कॅमेरा एका म्हाताऱ्याने पिंपाजवळ नापास केलेला असायचा. मावशी समजूत घालायच्या, "वाईट वाटून घेऊ नका, दादा. कुणीच पास न्हाई झालं अजून. च्या घेनार का?"

उर्स्याकडच्या एका कारखान्यात भाऊंनी सगळी नोकरी माल तपासण्यात घालवली होती. कारखाना सुटला, तपासणी सुटली नाही. टपरीवरचा वडा ते मधून कधी खायचे नाहीत, कडेने खायचे. "मधी काय, समदेच शिजल्यालं असत्यात. कडंला बघा." माणसांनाही हीच परीक्षा. लग्नात नवरदेवाशी एक शब्द न बोलता शेवटच्या पंगतीला काय वाढलं ते बघायचे आणि त्यावरून घराणं पास किंवा फेल करायचे. गावाने त्यांचं नाव 'कोपरा' ठेवलं होतं. पोरं तोंडावर म्हणायची. मी पाठीमागे म्हणायचो. मी शिकलेला ना.

चाळिशी ओलांडल्यावर माणसाला कसला तरी नाद लागतो. मला लागला फोटोंचा. मी एक छोटासा मिररलेस कॅमेरा घेतला. जॅकेटच्या खिशात मावणारा, सोबत मिळतं ते झूम भिंग असलेला. मळवलीहून स्कूटरवर तो गळ्यात घालून भाज्यात शिरलो ही माझी चूक.

"कोर्टसायेब! आत या."

फुली, भिंत, मावशी. भाऊ कोपऱ्यात गेले. "बॉडी झ्याक हाये. वजन न्हाई, हात भरून येत न्हाई. पर भिंग? मधी एकदम कडक आन् कोपऱ्यात उकडलेला बटाटा. फेल."

मी नेटवर सगळं वाचून तयार झालो होतो. म्हटलं, "भाऊ, भिंगाचं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, बारीक करू या. आठवर लावलं की कोपरे सुधारतात."

"आठवर समदेच शाने व्हत्यात. हितं सावली हाये, मग फोटूला येळ लागतो, ही हलती, फोटू पुसतो. उघड्या भिंगाचं बोला."

"मग मावशींचा तेवढाच भाग कापून मोठा करा."

"कापल्यावर ती मधी आली की," भाऊ म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच फेल झालो होतो. मला वाटलं, वेड आहे. मी घरी जाऊन बायकोला नक्कल करून दाखवली. ती हसली. मग मी ती कोर्टातही करून दाखवली.

खरा वैताग पुढे आला. दुसरं भिंग घ्यायला मी लोणावळ्याच्या एका दुकानात गेलो, तर भाऊ बरोबर आले. दुकानदाराने तीन भिंगं काढली. भाऊंनी समोरच्या चिक्कीवाल्याला "जरा डावीकडं सरका, अजून, अजून" करत पार त्याच्या दुकानाच्या कडेला नेऊन उभं केलं. गिऱ्हाइकं खोळंबली. चिक्कीवाला तिकडून ओरडला, "काका, मला विकायला काढलंय का?" तिन्ही भिंगं फेल. दुकानदार मला म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी एकटे या." मी एकटाही गेलो नाही. पुण्याला जाऊन पस्तीस एमएमचं एक इवलंसं, झूम न होणारं भिंग गुपचूप घेऊन आलो. पेढ्याच्या खोक्याएवढं. भाऊंना कळू द्यायचं नाही असं ठरवलंच होतं. पण असल्या बातम्या भाज्यात पायी येतात.

एका शुक्रवारी त्यांचा फोन आला. "कोर्टसायेब, नवीन भिंग आलंय म्हनं. आयतवारी सकाळी येता का? न्हाईतर मी येऊन घिऊन जातो. दुपारी आनून देतो."

आवाज नेहमीचा नव्हता. हुकूम नव्हता त्यात. ते माझ्या लक्षात आलं, आणि तरीही मी म्हणालो, "कॅमेरा सर्व्हिसला दिलाय, भाऊ."

"असं व्हय," ते म्हणाले. "बरं. ऱ्हावू द्या."

त्या रविवारी मी कोर्टातल्या मित्रांबरोबर पवना धरणावर गेलो. कॅमेरा गळ्यात. दुपारी एकाच्या हाती तो देऊन काठावरच्या आमच्या घोळक्याचा फोटो काढून घेतला आणि स्टेटसला ठेवला. मी मध्ये उभा आहे, पोट आत घेऊन. फोटोच्या अगदी डाव्या कडेला एक सरबतवाली बाई लिंबू पिळते आहे. ती फोटोत आलेली मला कळलीही नव्हती.

संध्याकाळी भाऊंचं उत्तर आलं: "कोपरा पास. सरबतवालीच्या भुवया मोजून घ्याव्या. कुटलं भिंग?"

एवढ्या वर्षांत भाऊंनी कुठल्या भिंगाला 'पास' म्हटल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. मी तो मजकूर पुन्हा पुन्हा वाचला. टोमणा शोधत होतो. तो सापडला असता तर बरं झालं असतं. मलाही रागावता आलं असतं. पण त्यात टोमणा नव्हता. माल तपासून दिलेला निकाल होता आणि एक सरळ प्रश्न होता. मी उत्तर दिलं नाही. स्टेटस काढून टाकलं.

सोमवारी भाऊंनी मावशींना पुण्याला दवाखान्यात नेलं. हृदयाची झडप बदलायची होती. आमच्यात कुणालाच त्यांनी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात मावशी गेल्या.

जलदान विधीला गेलो. बुद्धाच्या मूर्तीशेजारी मावशींचा फोटो ठेवला होता, आधार कार्डावरचा मोठा केलेला. करडा, दाणेदार, डोळे दचकलेले. सरकारने त्यांना एकदाच मध्ये बसवलं होतं, ते असं. माझ्या मागे कुणीतरी कुजबुजलं, "जगाचे कॅमेरे तपासले कोपऱ्याने, आणि बायकोचा एक धड फोटो नाही." दोघं-तिघं हसले. मीही हसलो. चेहऱ्याला सवय असते.

जेवणं झाल्यावर भाऊंची मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिला माझ्या खोट्याचं काही ठाऊक नव्हतं. ती सहज सांगत होती. कोड चेहऱ्यावर आलं तेव्हापासून लग्नाकार्यात फोटोला उभं राहताना कुणीतरी म्हणायचंच, 'शालन, तू जरा कडेला हो.' वाईट बोलायचं नाही कुणी. नुसतं हाताने सरकवायचं. पुढे आई आपणहून कडेला जायला लागली. घरातल्या प्रत्येक फोटोत ती आहे, आणि प्रत्येकात पुसट आहे. फोनवर काढला तर कडेचं माणूस भाकरीसारखं पसरतं.

"आम्ही म्हणायचो, आबा, तिला मध्ये बसवा, रागवा जरा. तर म्हणायचे, तिला सरकवायला लय हात हायेत. माजा नको. ती जितं उभी हाये, तितंच नीट दिसली पायजे. तसलं भिंग मिळालं की घेनार."

म्हणून त्यांनी कॅमेरा कधी घेतलाच नव्हता. परीक्षेचे सगळे फोटो दुसऱ्यांच्या कॅमेऱ्यांत. मावशी ठाण्याला गेल्या, बोरिवलीला गेल्या, कोथरूडला गेल्या, आणि तिथे कुणीतरी 'ही कोण बाई' म्हणून त्यांना पुसून टाकलं. माझ्या मेमरी कार्डावरचा तो उकडलेला बटाटा मीच पुसला होता, जागा करायला.

त्यानंतर मी भाज्याचा रस्ता टाळला. पावसाळा गेला, दिवाळी गेली. भाऊ आता कुणाला अडवत नाहीत असं ऐकलं. शेवटी एका सकाळी कॅमेरा घेऊन गेलो. भाऊ ओट्यावर होते. शर्टाला इस्त्री नव्हती.

"भिंग आणलंय," मी म्हणालो.

त्यांनी हात पुढे केला. कॅमेरा उलटसुलट केला, भिंगावर फुंकर मारली आणि फुलीवर जाऊन उभे राहिले. मी भिंतीच्या मध्यावर थांबलो.

"मधी न्हाई. पिंपापाशी."

मी पिंपापाशी गेलो. तिथून सगळं अंगण तिरकं दिसतं. मला वाटलं होतं, कडेला उभ्या माणसाकडे कुणी बघत नाही. तसं नव्हतं. त्या जागेवरून समोरचा माणूस फक्त आपल्यालाच शोधतोय असं दिसतं.

बटण दाबलं गेलं. भाऊंनी चष्मा कपाळावर चढवला आणि कोपऱ्यात गेले. फार वेळ तिथेच होते.

"पास," ते म्हणाले. "त्या सरबतवालीवानीच. तुमी डोळं खाली घातल्यात, त्ये बी दिसतंय."

मी मान वर केली. जागा सोडली नाही.

"भाऊ," मी म्हणालो, "त्या रविवारी कॅमेरा सर्व्हिसला नव्हता. माझ्याकडेच होता. तुम्हाला द्यायचा नव्हता म्हणून मी खोटं बोललो. माझं चुकलं. तुमची माफी मागतो, आणि इथे उभं राहून मावशींचीही मागतो."