डोंगराला दार नसतं

थंडीबद्दल कोणी चार शब्द बोलू लागलं की बर्फोजी डोळे मिटून घ्यायचे. मुरलेला गवई शेजारच्या पोराचा रियाज ऐकताना मिटतो ना, तसे. समोरच्याचं बोलणं संपलं की सावकाश डोळे उघडून म्हणायचे, "तुमची थंडी म्हणजे आमच्याकडची उन्हाळ्याची सुट्टी."

त्यांचं खरं नाव त्यांच्या आईलाही आठवून सांगावं लागेल, इतकं हे टोपणनाव अंगाला चिकटलं होतं. कोल्ड स्टोरेजमध्ये ते पर्यवेक्षक. गोठवलेल्या मटारांच्या नि मक्याच्या खोक्यांत त्यांची उमेदीची वर्षं गेली. आत गेलं की नाकातले केस ताठ उभे राहतात अशी ती जागा. तिथे बर्फोजींचा एकच कायदा होता: आत असेपर्यंत जॅकेटची चेन गळ्यापर्यंत. दारातून बाहेर पडलं, शेजारच्या उबेच्या खोलीत गेलं, चहाचा कप हातात आला की मग उघडा. दोन बोटं चेन खाली सरकवली म्हणून त्यांनी एकदा एका पैलवानासारख्या हमालाला घरी पाठवला होता. माणूस रागाने लालबुंद झाला, पण गारठला नाही, असं ते अभिमानाने सांगत.

अशा माणसाच्या पोटी जी मुलगी आली ती डोंगराच्या नादी लागली. डोंगरवाटा दाखवणाऱ्या एका संस्थेत ती मदतनीस होती, आणि आता तिची परीक्षा होती. हिवाळ्यात सहा-सात लोकांना घेऊन बर्फाळ पठारावर जायचं, तंबूत रात्र काढायची आणि सगळ्यांना धडधाकट खाली आणायचं. संस्थेच्या मोठ्या बाई मागून चालणार, काही बोलणार नाहीत, फक्त बघणार. पास झाली तर कायमची वाटाड्या. नाही झाली तर, तिने स्वतःच आईला सांगून ठेवलं होतं, मुकाट्याने मामाच्या दुकानात गल्ल्यावर बसेन आणि डोंगराचं नाव काढणार नाही.

आयत्या वेळी एक जण गळला. माणसं पुरी नसतील तर परीक्षा पुढच्या हिवाळ्यावर. लेक जेवणाच्या टेबलाशी डोकं धरून बसली.

"मी येतो," बर्फोजी म्हणाले.

लेकीने डोकं वर केलं. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, नाइलाज होता. "बाबा, दोन अटी. वर मी तुमची मुलगी नाही. आणि मी देईन तेच घालायचं."

"बरं."

"बरं म्हणजे हो की बरं म्हणजे बघू?"

"अहो, हो म्हणा," पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांना नवऱ्याच्या 'बरं'चे सगळे प्रकार पाठ होते.

निघायच्या आदल्या दिवशी लेक तयारीसाठी पुढे गेली. जाताना पलंगावर कपडे मांडून गेली. अंगालगत पातळ थर्मल, त्यावर मऊ फ्लीस, सगळ्यावर वाऱ्यापावसाचं जॅकेट. शिवाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड, तो तंबूत शिरल्यावरच उघडायचा. आणि बजावून गेली, "सुती काही घालू नका. सुती कपडा घाम धरून ठेवतो."

बर्फोजींनी थर्मल चिमटीत धरून उजेडासमोर नेलं. पलीकडची खिडकी दिसली.

"ही कांद्याची साल घालून माणूस वर जाणार? गोठून मरेल."

"पोरीने सांगितलंय ना?"

"पोरीला थंडी दाखवली कोणी? मीच ना? लहानपणी बोट धरून आत नेली होती."

"आणि बाहेर आल्यावर आठवडाभर खोकत होती," पत्नी म्हणाल्या.

बाहेरून ही शेखी, पण आतून बर्फोजी धास्तावले होते. पांढरी पडलेली बोटं त्यांनी पाहिली होती. शब्द जड झालेले, पाय ओढत बाहेर आलेले कामगार पाहिले होते. ते स्वतःच वर आजारी पडले तर? लेकीचे गुण जातील. ती गल्ल्यावर बसेल. जन्मभर गिऱ्हाइकाला सुटे पैसे देईल आणि प्रत्येक नाण्यात तिला बापाचं तोंड दिसेल. छे. काय व्हायचं ते होवो, वर थंडी वाजून चालणार नाही. आणि थंडी न वाजण्याची त्यांना ठाऊक असलेली वस्तू जगात एकच होती.

त्यांनी कपाटातून फ्रीझर सूट काढला. भडक नारिंगी, पायापासून गळ्यापर्यंत एकसंध, छातीवर चंदेरी पट्टे, जाडी रजईची. कामावर घालायचे तसंच आत सुती बनियन आणि अर्धी चड्डी. पिशवीत जाड घोंगडी कोंबली, ती मावेना म्हणून काहीतरी काढावं लागलं. जे काढलं ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं होतं.

पायथ्याशी मंडळी जमली होती. बर्फोजी गाडीतून उतरले आणि बोलणी थांबली.

"काका," एक बसचालक तरुण म्हणाला, "रस्ता खोदायचाय का?"

"दिसायला तरी बरं आहे," एक दंतवैद्य बाई म्हणाल्या. "हरवले तर शेजारच्या डोंगरावरून दिसतील."

लेकीचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मागे काठीवर हात ठेवून उभ्या असलेल्या मोठ्या बाईंकडे तिने एकदा पाहिलं आणि आवाज कमावून विचारलं, "काका, आत काय घातलंय?"

"पुरेसं आहे, मॅडम."

"पुरेसं म्हणजे?"

"म्हणजे आहे."

तिने दीर्घ श्वास घेतला आणि सगळ्यांना म्हणाली, "आता प्रत्येकाने वरचा एक थर काढून पिशवीत टाका. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे. चढायला लागलं की अंग आपोआप तापतं. घाम येऊ द्यायचा नाही."

बर्फोजींना वाटलं आपण काहीतरी भलतंच ऐकलं. नाकातून वाफ निघतेय आणि कपडे काढा? मटार गॅसवर ठेवा म्हटल्यासारखं झालं. पण लोक खरोखर जॅकेटं काढून घडी घालत होते.

"काका, तुम्हीसुद्धा. निदान चेन उघडा."

"आमच्यात चेन उघडत नाहीत, मॅडम."

"कोणाच्यात?" बसचालकाने विचारलं.

"मग गरम झालं की लगेच सांगायचं. कबूल?" लेक म्हणाली.

"कबूल."

वाट सुरू झाली. पहिल्या वळणावर बर्फोजींना फार छान वाटलं. दुसऱ्या वळणावर कपाळ ओलं झालं. तिसऱ्या वळणापर्यंत सुटाच्या आत पावसाळा सुरू झाला. पाठीवरून ओघळ निघाला, कमरेपाशी त्याला दुसरा येऊन मिळाला, आणि संगम होऊन दोघे बुटांत उतरले. पाऊल टाकलं की पचक, उचललं की पचक. आयुष्यभर ते सूट घालून उभे राहिले होते, फार तर खोक्यांच्या रांगांतून फिरले होते. सुटासकट जिना चढायची वेळसुद्धा कधी आली नव्हती. इथे तर जिना आभाळाला लावलेला.

हात चेनीकडे गेला. तो हमाल आठवला. हात खाली आला. पुन्हा गेला. मग बनियन आठवलं, बगलेत भोक पडलेलं, सगळ्यांत जुनं. दंतवैद्य बाई शेजारीच चालत होत्या. हात परत खाली.

"काका, ठीक ना?" लेकीने वरून विचारलं.

"उत्तम."

"घाम?"

"नावाला नाही."

हे म्हणताना नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब टपकला. मागून मोठ्या बाईंच्या काठीचा टक टक आवाज येत होता. प्रत्येक टकेला बर्फोजींना वाटे, गेला एक गुण. मी दमलो म्हटलं तर ती थांबेल, थांबली तर उशीर होईल, उशीर झाला तर बाई लक्षात ठेवतील. तेव्हा बोलायचंच नाही. बापाने तोंड बंद ठेवलं की लेकीचं भलं होतं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. एरवी घरी पत्नींनी त्यांना हे कितीदा तरी सुचवलं होतं, आणि ते ऐकायची वेळ त्यांनी नेमकी चुकीची निवडली.

पठारावर पोचले तेव्हा ऊन कलत होतं. वर झाड नाही, भिंत नाही, नुसता वारा. लेक म्हणाली, "थांबलो की लगेच जॅकेटं घाला. मग तंबू." सगळ्यांनी पिशव्या उघडल्या, कोरडी जॅकेटं चढवली आणि खुशीत हात चोळले. बर्फोजींकडे चढवायला काही उरलंच नव्हतं. जे होतं ते सगळं अंगावर होतं, आणि ओलं होतं.

आधी पाठ गार पडली. मग पोट. ओलं बनियन अंगाला असं चिकटलं की जणू कोणी मागून ओल्या मिठीत घेतलंय आणि सोडत नाही. दात वाजू लागले. तंबूची काठी नळीत घालायला दिली होती, ती दर खेपेला भलतीकडे जात होती. कामावर अशी वेळ आली की पाय आपोआप दाराकडे वळत. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा सारला की उबेची खोली, बाक, चहा. बर्फोजींनी उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. पठार चहूकडे सारखंच होतं.

"माऊ," ते म्हणाले, "दार कुठंय गं?"

बसचालकाच्या हातातली मेख तशीच राहिली. माऊ हे नाव त्या वाटाड्या मॅडमचं असेल असं कोणाला वाटलं नव्हतं, पण मॅडम मात्र पळत आल्या. लेकीने त्यांची बोटं हातात घेतली, डोळ्यांत पाहिलं, एक प्रश्न विचारून जीभ अडखळते का ते ऐकलं. एका क्षणापुरता तिचा चेहरा लहानपणीसारखा झाला, शाळेच्या दारात कोणी न्यायला आलं नाही की व्हायचा तसा. मग तो गेला.

"उभा झालेला तंबू यांना द्या. दादा, तुम्ही यांच्याबरोबर आत जा आणि सगळं ओलं काढा. सगळं म्हणजे सगळं. डॉक्टर, चूल पेटवा, गरम पाणी, साखर भरपूर."

आतून चेनीचा लांबलचक आवाज आला. मग बसचालकाचा. "मॅडम, हे बनियन पिळलं तर चहा होईल."

"पिळू नका, बाहेर टाका. काका, कोरडे कपडे कुठायत?" लेकीने बाहेरून विचारलं.

"प-प-पलंगावर."

"कुठल्या पलंगावर?"

"आपल्या."

दंतवैद्य बाईंनी पातेल्यातल्या पाण्याकडे फार लक्षपूर्वक पाहिलं.

"वडील आहेत माझे," लेक म्हणाली. "ज्याच्याकडे जे जास्तीचं कोरडं असेल ते द्या."

कपडे येत गेले. दंतवैद्य बाईंची जांभळी, अंगाला घट्ट बसणारी लोकरी विजार. बसचालकाचा बदकाचं चित्र असलेला स्वेटर. लेकीची स्वतःची टोपी, गोंड्यासकट. हे सगळं घालून बर्फोजी स्लीपिंग बॅगेत शिरले, वर ती घोंगडी आली, हातात गोड पाण्याचा कप आला. बोटांत मुंग्या आल्या, दात हळूहळू गप्प झाले. अंगातली थंडी गेली तशी मनातली चढली. झालं. एवढं करून शेवटी आपणच पोरीला बुडवलं. देवा, थंडी मला हवी तेवढी दे, पण तिचं काम राख, असं ते मनातल्या मनात म्हणत होते, तोच तंबूचं दार सरकलं आणि मोठ्या बाई आत आल्या.

"मॅडम, तिचा काही दोष नाही," बर्फोजी उठायला गेले, पण बॅगेत पाय अडकून आडवेच राहिले. "तिने सगळं बरोबर सांगितलं होतं. मी तिला फसवलं. घाम आला तरी नाही म्हणालो. तुम्ही मला नापास करा."

"तुम्ही परीक्षेला बसला होता?"

"नाही. पण आहेच की मी."

"ती तुमची मुलगी हे मला पायथ्याशीच कळलं," बाई म्हणाल्या. "नाक एकच आहे."

बर्फोजींनी नाकावर हात ठेवला.

"दर परीक्षेला मी कोणालातरी मुद्दाम हट्टीपणा करून गारठल्याचं सोंग करायला सांगते. कोणी अंगावर तांब्याभर पाणी ओतून घेतं, कोणी खोटंखोटं दात वाजवतं. सगळ्यांना कळतं. मध्येच हसतात. आज मी कोणाला सांगायच्या आधीच तुम्ही गाडीतून उतरलात. मला बघायचं होतं ती घाबरते का. घाबरली. स्वतःचा बाप होता, घाबरणारच. पण तिचे हात घाबरले नाहीत. उद्यापासून ती आमची आहे."

गोंडा डोळ्यांवर आला होता ते बरंच झालं.

"पुढच्या महिन्यात आणखी दोघांची परीक्षा आहे," बाई म्हणाल्या. "याल?"

बर्फोजी जरा सावरले. गोंडा मागे सारला. "येईन की. थंडीवर चार शब्द बोलायला?"

"नाही. तो सूट घालून चढायला."

बाहेर लेक कोणालातरी मेखा तिरप्या ठोकायला सांगत होती. आवाज खणखणीत होता. बर्फोजींनी तो थोडा वेळ ऐकला आणि बाईंकडे बघून हळूच होकाराची मान डोलावली.

बाई गेल्यावर लेक आत आली. जांभळ्या विजारीतल्या, बदकवाल्या स्वेटरमधल्या बापाकडे तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं. हसू की रडू हे तिचं ठरेना, म्हणून तिने दोन्ही थोडं थोडं केलं.

"बाबा, पुढच्या वेळी तरी माझं ऐकाल ना?"

"आता नाही गं ऐकता यायचं," बर्फोजी ओशाळून म्हणाले. "मोठ्या बाईंना शब्द दिलाय."