तीन नंबरचा पेशंट

"वाइन माझ्यावर सोडा," हे शब्द तोंडातून निघून गेले आणि लॅबवाल्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. फोनवर पलीकडे होणाऱ्या विहीणबाई होत्या. त्या मधुमेहाच्या डॉक्टर. लॅबवाल्यांच्या रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये येणारे निम्मे पेशंट त्यांनीच पाठवलेले. उद्या संध्याकाळी त्यांच्या घरी दोन्ही कुटुंबांचं पहिलं जेवण होतं. होणारा जावई स्वतःच्या हाताने सुशी करणार होता आणि लग्नाची तारीख त्याच टेबलावर ठरायची होती.

"तुम्हाला वाइनमधलं काय कळतं हो?" बायकोने विचारलं.

"कळून घेऊ. त्यात काय एवढं?"

"सरबत कुठलं आणि खोकल्याचं औषध कुठलं, हे तुम्हाला लेबल वाचून कळतं."

हे अगदी खरं होतं. पण "मला माहीत नाही" एवढं म्हणायला लॅबवाल्यांची जीभ आजवर कधी रेटलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते वाइनच्या दुकानात हजर झाले. दुकानदार भला माणूस होता. "सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेला भात आणि नाजूक चवीचा मासा," त्याने समजावलं. "त्याला पांढरी वाइन न्या, पण ड्राय. साखर जितकी कमी तितकं बरं. फार गोड नेलीत तर माशाची चवच मारली जाईल."

"तेच म्हणणार होतो," लॅबवाले म्हणाले.

"मग निवडा," म्हणत दुकानदाराने गोड-ड्राय मिळून चार बाटल्या पुढे मांडल्या. चारही लेबलांवरची भाषा परकी. यातली ड्राय कुठली, असं विचारलं असतं तर त्याने लगेच सांगितलं असतं. पण "तेच म्हणणार होतो" म्हटल्यावर विचारणार कुठल्या तोंडाने? लॅबवाल्यांनी चारही बाटल्या उचलल्या.

घरी चाखाव्यात तर बायको हसणार. म्हणून लॅबमधल्या आपल्या केबिनमध्ये दार लावून त्यांनी चारही बाटल्या उघडल्या. पेला नव्हता. मग नमुन्यांच्या चार कोऱ्या डब्यांमध्ये थोडी थोडी वाइन ओतली, डब्यांवर आणि बाटल्यांच्या बुडाला एक ते चार आकडे घातले आणि डब्या गार व्हायला बाहेर लॅबच्या फ्रिजमध्ये ठेवल्या. तेवढ्यात एका आजोबांचं रक्त घ्यायला घरी बोलावणं आलं आणि ते बॅग उचलून निघाले.

त्या फ्रिजच्या दारावर त्यांच्याच अक्षरात पाटी होती : 'आत ठेवलेला नमुना ताबडतोब तपासावा. सबब चालणार नाही.' आणि त्यांची टेक्निशियन कमालीची आज्ञाधारक होती.

आजोबांचा दंड बांधून होतो न होतो तोच फोन वाजला.

"सर, त्या चार पेशंटची नावं काय लिहू?"

"कुठले चार?"

"लघवीचे, फ्रिजमधले. दोन नंबरची साखर भयंकर आहे, सर. एक आणि चारचीही बरीच. तीनला साखर जवळजवळ नाहीच. ॲसिड मात्र चौघांनाही. आणि वासावरून सांगते, चौघंही तर्र आहेत."

"तीन नंबर! शाब्बास!" लॅबवाले ओरडले. आजोबांनी घाबरून हात मागे घेतला.

"शाब्बास काय, सर? आहेत कोण हे लोक?"

मालक केबिनमध्ये बसून वाइन ओततात, हे नोकरीवरच्या मुलीला सांगणार कसं? "अगं, ते आमच्या घरचेच आहेत. दे ओतून."

"ओतून कसं देऊ? असा रिपोर्ट आला की डॉक्टरांना कळवायचं, हा तुमचाच नियम. एवढी साखर म्हणजे मला वाटलं मधुमेहवाल्या मॅडमचेच पेशंट असतील, म्हणून त्यांना मघाशीच फोन केला. आता घरचे आहेत हेही सांगते."

फोन बंद. त्यांनी पुन्हा लावला तर लाइन बिझी.

संध्याकाळी तीन नंबरची बाटली छातीशी धरून लॅबवाले विहीणबाईंच्या घरी पोचले. टेबलावर सुशी ओळीने मांडलेली होती आणि विहीणबाईंचे यजमान टेबलाशी बसले होते. विहीणबाईंचा चेहरा मात्र पेशंटला वाईट बातमी देतानाचा होता.

"तारखेचं नंतर बघू," त्या म्हणाल्या. "आधी मला सांगा, तुमच्या घरात तुम्ही माणसं तीन. मग चौथा पिणारा कोण?"

लॅबवाल्यांची लेक पांढरीफटक पडली. बायको नवऱ्याकडे बघतच राहिली.

"लपवू नका. आणि दोन नंबर कोण? तो माणूस चालतोबोलतो कसा, हेच मला कळत नाही."

एकीकडे लेकीचं लग्न, दुसरीकडे बापाची अब्रू. लॅबवाल्यांना आयुष्यात प्रथमच जीभ रेटावी लागली. "डॉक्टर, मला वाइनमधलं काडीचंही कळत नाही," ते म्हणाले, आणि दुकानापासून फ्रिजपर्यंत सगळं सांगून टाकलं. "तीन नंबरचा पेशंट हा माझ्या हातात आहे."

जावई हातातला भाताचा गोळा तसाच धरून उभा. विहीणबाईंनी बाटली घेतली, उलटी करून बुडाचा आकडा पाहिला, ग्लासात ओतली, सुशीचा एक तुकडा खाल्ला आणि घोट घेतला.

"ॲसिड भरपूर, साखर नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या टेक्निशियनचा रिपोर्ट अचूक आहे." मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू फुटलं आणि त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अरे, कॅलेंडर आण. तारीख काढू. बाकीचे तिघं कुठे आहेत?"

"खाली, गाडीत."

"मग घेऊन या वर." विहीणबाईंनी आपला ग्लास हळूच नवऱ्यापुढे सरकवला. "दोन नंबर मला हवा. आणि हे माझ्या पेशंटच्या कानावर जाता कामा नये."