मुराळ्याचा उजवा पाय

सुपडू पाटलांनी नवापूरच्या भंगार बाजारातून कार्बोरेटर आणला तेव्हा त्याच्यावर ना नाव होतं, ना नंबर. होती नुसती काजळी, आणि एका स्क्रूला चिकटलेलं कोंबडीचं पीस.

"हाऊ कोन्हा शे, काका?" नंदुरबारच्या गॅरेजात धर्मेंद्र मिस्त्रीने तो उलटासुलटा करून पाहिला.

"मिस्त्री तू शे का मी?"

धर्मेंद्रने डोकं खाजवलं आणि अ‍ॅम्बेसिडरचा असेल म्हणाला. शेजारचा पंक्चरवाला जीपचा म्हणाला. टायरात हवा भरायला आलेल्या एका गृहस्थांनी, कोणी विचारलं नसताना, तो शेतातल्या पंपाचा असल्याचं छातीठोकपणे सांगितलं. पण सुपडू पाटलांच्या वडिलांच्या वेळच्या पांढऱ्या फियाटवर तो बसला मात्र चपखल. बोल्टसुद्धा जुळले. मग गोत्र कशाला विचारायचं?

घाई होती ती आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची. काजलची लग्नानंतरची ही पहिली आखाजी, आणि सासरहून लेक आणायची तर माहेरचा मुराळी जायला हवा. सुपडू पाटलांनी लग्नातच सगळ्या मांडवासमोर सांगून टाकलं होतं, "पहिली आखाजीले मी सोता फियाट लई येस!" आता फियाटचा जुना कार्बोरेटर झिजून गेला होता, आणि नवापूरहून विहीणबाई रंजनाबाईंचा फोन येऊन गेला होता. "पोल्ट्रीत मानूस कमी शे. पोरगीले आखाजी झायावर पाठाडसूत." पाठोपाठ काजलचाही आला, दबक्या आवाजात. "आबा, तुम्ही नही उनात ते मी आखाजीना गाना कोठे म्हनू? कोंबड्यासपुढे?"

हे ऐकून सुपडू पाटील तडक गॅरेजात आले. त्यांनी धर्मेंद्रच्या मागे टुमणं लावलं.

धर्मेंद्रने हवेचा स्क्रू आवळला, गाडी खोकली. सैल केला, काळा धूर आला. आणखी अर्धा आटा फिरवला तशी गाडी अशी काही डरकाळ्या फोडू लागली की पंक्चरवाला दुकान सोडून बाहेर आला. अ‍ॅक्सिलेटरवर पाय असेपर्यंत इंजिन जोरात, पाय उचलला की ठप्प. आणि एकदा बंद पडली की सेल्फ कितीही मारा, चार माणसांनी ढकलल्याशिवाय सुरू होईना.

"काका, हाई गाडीले हळू चालनं माहीतच नही. पाय काढा का मरनी."

"मंग नवापूर लगून पाय काढाव कोन शे?" सुपडू पाटील म्हणाले, आणि आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी निघालेसुद्धा.

हौसेला मोल नसतं, पण पाय असतो. ब्रेक बोटांनी दाबायचा आणि अ‍ॅक्सिलेटर टाचेने, अशी कसरत करत ते निघाले. रेल्वेचं फाटक बंद होतं, तिथे गाडी उभ्या उभ्या गर्जत राहिली. पुढच्या रिक्षावाल्याने मागे वळून हात जोडले. "बाबा, आगगाडी जाऊ दे, मंग आपन जाऊत!"

नवापूरच्या अलीकडे व्याह्यांचं घर, आणि घराला लागूनच अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं लांबलचक शेड. जावई अंड्यांची गाडी घेऊन सुरतेला गेलेले, व्याही नवनीतभाई कोंबड्यांचं खाद्य आणायला गावात. रंजनाबाई तांब्या घेऊन दारात आल्या.

"या, उतरा ना! पाय धवा!"

"उतरता येत नही, विहीणबाई!" सुपडू पाटील इंजिनावर ओरडले. "उतरनू ते गाडी बंद पडी जाई!"

"काय?"

"बंद पडी जाई!"

आता मुराळ्याचे पाय धुतल्याशिवाय त्याला पाणी तरी कसं द्यायचं? शेवटी दार उघडून सुपडू पाटलांनी डावा पाय बाहेर काढला. रंजनाबाईंनी तो रीतसर धुतला. उजवा गाडीतच राहिला. गुळाचा खडाही बसल्या जागी खाऊन झाला.

"पन आज काही पोरगी—" रंजनाबाईंनी सुरुवात केली, आणि तेवढ्यात शेडमध्ये हलकल्लोळ उठला. सगळ्या कोंबड्या एकदम कलकलायला लागल्या. पिंजऱ्यांतून माना बाहेर काढून रिकाम्या पन्हळीवर चोची आपटू लागल्या.

"अव माय! आत्ते ते खायेल व्हतं हाई मेल्यासनी!" रंजनाबाई खाद्याची पाटी घेऊन धावल्या. एका टोकाला टाकलं की दुसरं टोक बोंबलायचं. पिंजऱ्यांखालच्या जाळीवरून अंडी घरंगळली, दोनतीन फुटली. पाटी रिकामी झाली तरी कलकलाट थांबेना. धापा टाकत त्या परत आल्या.

"बंद करा ना ती गाडी!"

"बंद कयी ते ढकलाले चार जन लागतीन! आठे शेत का?"

रंजनाबाईंनी रिकाम्या अंगणाकडे पाहिलं, शेडकडे पाहिलं, आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "काजल! व माय, बॅग भर आनि जाय लवकर!"

बॅग काय भरायची? ती सकाळपासून दारामागे तयार होती. सासूचं वाक्य पुरं व्हायच्या आत काजल मागच्या सीटवर बसली.

तेवढ्यात खाद्याचं पोतं लादलेल्या मोटारसायकलवरून नवनीतभाई आले. आवाज ऐकून जागीच थबकले. मग धावत येऊन त्यांनी फियाटचं बॉनेट उघडलं.

"अरे, हाऊ ते मन्हा जनरेटरना कार्बेटर! दिवाळीले भंगारमा दियेल व्हता!"

खुलासा सोपा होता. त्यांचा जुना जनरेटर मोटारीच्या इंजिनावर चालायचा. इंजिन हळू झालं की शेडमधले दिवे मिणमिणायचे, म्हणून हळू चालण्याचं भोकच त्यांनी लाख भरून बुजवून टाकलं होतं. जनरेटर गरजला, दिवे लागले, की कोंबड्यांना संध्याकाळचं खाद्य. गॅरेजात तीन जाणकारांना जे ओळखता आलं नाही, ते कोंबड्यांनी आवाजावरून ओळखलं!

"थांबा, मी सुई लई येस," नवनीतभाई उत्साहाने म्हणाले. "पाच मिनिटमा भोक मोकळं करस. मंग गाडी कशी मांजरनी मायक चाली! आरामात उतरा, दुसरा पाय धवा, जेवा."

"हां, मंग काय घाई शे?" रंजनाबाईंचा चेहरा उजळला. "पोरगीबी मंग परवा जाई." आणि त्यांनी काजलच्या बॅगेला हात घातला.

सुपडू पाटील क्षणभर मोहात पडले. ज्या दुरुस्तीसाठी धर्मेंद्रने हात टेकले, ती एका सुईवर आली होती. पण मागून कानाशी आवाज आला, "आबा... पाय!"

सुपडू पाटलांनी पाय दाबला.

"सुई ऱ्हाऊ द्या, व्याही! उशीर व्हस!" बॉनेट धडकन बसलं, बॅग काजलच्या मांडीवर आली, आणि फियाट डरकाळी फोडत फाटकाबाहेर पडली.

काजलची आखाजी दणक्यात झाली. ती झोका खेळली, गाणी म्हणून घसा बसवून घेतला. ऐकून सुपडू पाटलांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते कोणापासून लपवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळी हकीकत कळताच धर्मेंद्र सुई घेऊन हजर झाला.

"खबरदार हात लावशी ते!" सुपडू पाटील कडाडले. "दिवाळीले परत आनाले जानं शे."

लेकीला सासरी पोचवायला मात्र ते एसटीने गेले. सावकाश उतरले, दोन्ही पाय धुऊन घेतले आणि पोटभर जेवले. कोंबड्याही शांत होत्या.